फळीवर ठेवलेला चाकू

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते. पलीकडे जायचे तर माणसाला माणसाच्या भरवशावर होडीत बसावे लागे. गोष्ट लहानांसाठी आहे. मोठ्यांनी ऐकली तर त्यांचेही काही बिघडणार नाही.

एका नदीच्या वळणावर मासे धरणाऱ्यांचे गाव होते. वळणावर खोल डोह होता. जुन्या पुरांत वाहून आलेली झाडे त्याच्या तळाशी रुतून बसली होती. वरून पाणी शांत दिसे. खाली फांद्यांचे रान होते.

त्या गावची माणसे जाळे फेकताना जाळ्याची दोरी डाव्या मनगटाला बांधत. जाळे हातचे जाऊ नये म्हणून. पण जाळे तळच्या फांदीत अडकले आणि होडी धारेने पुढे गेली, तर तीच दोरी माणसाला पाण्यात ओढी. ओली गाठ सुटत नसे. ती कापावीच लागे. म्हणून तिथला प्रत्येक पुरुष रोज कमरेला मिटता चाकू बाळगी. डोक्याला मुंडासे नसले तर चालेल, कमरेला चाकू पाहिजे, असे ते म्हणत. चाकू विसरल्याचे अर्ध्या वाटेत ध्यानात आले तर माणूस माघारी फिरे. त्याला कोणी हसत नसे.

चाकूची एक रीतही होती. चाकू हातातून हातात द्यायचा नाही. देणाऱ्याने भुईवर ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा. हातोहात दिला तर नाते कापले जाते, असे जुनी माणसे सांगत आणि नवी माणसे पाळत.

त्या गावात दोघे भाऊ होते. बाप वारला तेव्हा होडी आणि जाळे धाकट्याकडे आले, कारण पाण्याची नजर त्याला होती. बापाचा चाकूही त्याच्याकडेच आला. थोरला सुकवलेली मासळी पाटीत घालून पलीकडच्या बाजारांना नेई. दोघांचे बरे चालले होते.

बाजारांच्या त्या फिरण्यात थोरल्याला चाकूंचा नाद लागला.

पहिला चाकू त्याने एका धनगराकडून घेतला. त्याची मूठ मेंढ्याच्या शिंगाची होती आणि घामाने काळी पडली होती. मग पानमळ्यातल्या माळ्याचा घेतला, त्याचे पाते विळ्यासारखे वाकलेले होते. मग एका गाडीवानाचा, मुठीत पितळेची फुले बसवलेला. नवा कोरा चाकू असला की थोरला तो हातातही धरीत नसे. त्याला जुना लागे, वापरलेला लागे. दुसऱ्याच्या मुठीत झिजलेली वस्तू आपल्या मुठीत आली की त्याच्या जिवाला गार वाटे. तसे का वाटते, हे त्याने स्वतःला कधी विचारले नाही.

त्याने चाकूंसाठी शिसवी पेटी करून घेतली. रोज सकाळी तो पेटी उघडी, पात्यांना करंजाचे तेल लावी, मऊ फडक्याने पुसी. मग आजचा कोणता, ते ठरवी आणि तो कमरेला खोवून बाहेर पडे. माणसे चाकू पाहत, उलटसुलट करीत, वाखाणीत. थोरला ताठ होऊन चाले.

पण त्यातल्या एकाही चाकूने त्याने कधी काही कापले नाही. दोरी तोडायची झाली तर तो शेजाऱ्याचा विळा मागे. कोणी घटकाभर चाकू मागितला तर धार जाईल म्हणे.

बाजारात एक भाजीवाली म्हातारी बसे. एकदा तिने थोरल्याला काकडी खाताना पाहिले.

"एवढी हत्यारं बाळगतोस नि काकडी दातानं तोडतोस," ती म्हणाली. "माझी शेळीपण दातानंच खाते. पण ती बिचारी कमरेला काही खोवत नाही."

आजूबाजूचे हसले. थोरला हसला नाही. "ही वापरायची नाहीत, आजी. ही राखायची आहेत."

"राख बाबा, राख," म्हातारी म्हणाली आणि तिने तोंड फिरवले.

पेटी भरत आली. तरी थोरल्याला ती उणीच वाटे. बापाचा चाकू त्यात नव्हता. तो दिसायला काही विशेष नव्हता. मूठ बाभळीची होती आणि तिला एक चीर गेलेली होती. पाते दगडावर घासून घासून वेळूच्या पानाएवढे उरले होते. धाकटा त्याने दोऱ्या कापी, मासे चिरी, पायातले काटे काढी, पोरीला पेरू कापून देई. ते थोरल्याला पाहवत नसे. एवढी जुनी वस्तू आणि हिच्याकडून ही असली कामे.

तो धाकट्याच्या मागे लागला. पाते झिजले आहे, ऐन वेळी मोडेल, म्हणाला. बापाची आठवण आहे, नदीत पडली तर पुन्हा मिळायची नाही, म्हणाला. माझ्याकडे ठेव, तुला पुढच्या बाजारातून चांगला दणकट चाकू आणून देतो, म्हणाला. धाकट्याच्या बायकोला हे रुचले नाही. नवा येऊ द्या, मग जुना द्या, असे ती नवऱ्याला म्हणाली. पण थोरला भाऊ मागतो आहे, त्याच्याशी सौदा काय करायचा, असे धाकट्याला वाटले. त्याने चाकू कमरेचा काढून ओट्यावर ठेवला. थोरल्याने उचलला.

पुढच्या बाजारात थोरल्याने धाकट्यासाठी खरोखरच चाकू घेतला. परतताना होडीत बसून त्याने तो उघडून पाहिला. पाते खटकन उघडले. मुठीवर कोणी तरी एक लहानसा मोर कोरला होता. असली वस्तू रोज मासळीच्या घाणीत जायची, या विचाराने त्याला कसेसेच झाले. धाकट्याला साधाही चालेल, असे त्याने ठरवले. मोराचा चाकू पेटीत गेला.

त्याच्या पुढच्या बाजारात तसेच झाले. त्याच्याही पुढच्या बाजारात तसेच.

धाकटा तगादा लावणारा नव्हता. भेटला की हसून विचारी, "दादा, माझा चाकू अजून लोहाराच्या भट्टीतच आहे वाटतं?" थोरलाही हसे. आता आणतो म्हणे. धाकटा तोवर काठाकाठाने उथळ पाण्यात जाळे टाकी. तिथे मासा लहान मिळे. घरात भाकरीबरोबर कोरड्यास कमी पडू लागले, हे त्याने भावाला सांगितले नाही. थोरल्यानेही विचारले नाही.

मग पावसाळा सरला, गढूळ पाणी निवळले आणि डोहात मोठा मासा आला. सगळ्या होड्या डोहाकडे निघाल्या. धाकट्याबरोबर वल्हे धरणारा गडी तापाने पडला होता. धाकट्याने भावाला हाक मारली. थोरला आला. त्या दिवशी त्याच्या कमरेला बापाचा चाकू होता. डोहावर सगळे गाव असणार, गावाने तो पाहावा, असे त्याच्या मनात होते.

काठावर धाकट्याची बायको उभी होती. नवऱ्याची कमर रिकामी पाहून तिने त्याला थांबवले. धाकटा म्हणाला, "दादा आहे की संगं. त्याच्या कमरेला आहे तो आपलाच आहे." होडी सुटली.

डोहावर धाकट्याने जाळे फेकले. जाळे छान पसरले आणि बुडाले. त्याने ओढले, तर ते हलेना. तळाशी कुठल्या तरी फांदीने ते धरले होते. तेवढ्यात होडीला धार लागली. दोरी ताठ झाली आणि धाकटा होडीच्या कडेवरून पाण्यात गेला.

उजव्या हाताने त्याने होडीची कड पकडली. डावा हात खोल खाली ओढला जात होता; होडीतून कोणाला ती दोरी कापता येणार नव्हती. होडी कलली. हनुवटीपर्यंत पाणी आले होते.

"दादा, चाकू दे. हातात दे."

थोरला वल्हे टाकून पुढे सरकला. त्याने कमरेचा चाकू काढला, उघडला. धाकटा कड सोडायला तयार झाला होता. कड सोडायची, चाकू घ्यायचा, एका घावात दोरी कापायची आणि वर यायचे. गावच्या प्रत्येकाला हे लहानपणापासून ठाऊक होते. थोरल्यालाही ठाऊक होते. आणि वर येताना हात पोहायला लागतात, हातात चाकू राहत नाही, हेही त्याला ठाऊक होते. चाकू डोहात जाणार होता.

हा विचार आधी आला. रीत त्यानंतर आठवली. कशाच्या मागून काय आले, हे पुढे जन्मभर त्याच्या ध्यानात राहिले.

"हातात कसा देऊ?" तो म्हणाला. "नातं तुटेल. हा ठेवला बघ. उचल."

आणि त्याने चाकू होडीच्या मधल्या फळीवर ठेवला. घरंगळणार नाही असा, नीट.

धाकट्याने फळीकडे पाहिले. ती त्याच्या हाताच्या टापूत नव्हती. मग त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिले. होडीने एक हिसका खाल्ला आणि कडेवरची बोटे निसटली.

थोरला ओरडला, वाकला, पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. हाताला पाणीच लागले. दुसऱ्या होड्या धावून आल्या. माणसांनी बुड्या मारल्या. धाकटा सापडला तेव्हा उशीर झाला होता. दोरी त्याच्या मनगटाला तशीच होती.

चाकू फळीवर होता. त्याच्यावर पाण्याचा एक थेंबही उडाला नव्हता.

काठावर गाव जमले. गावातला सगळ्यांत जाणता म्हातारा पुढे आला आणि त्याने थोरल्याला काय घडले ते विचारले. थोरल्याने सांगितले. चाकू मागितला होता, काढलाही होता, पण रीत मोडवली नाही.



"रीत माझ्या आज्यानंही पाळली, मीही पाळतो," तो म्हणाला. "नातं राहावं म्हणून ती रीत आहे. माणूस बुडवून कुणाशी नातं राखलंस?"

म्हाताऱ्याने शिक्षा सांगितली नाही. दंड नाही, वाळीत टाकणे नाही. माणसे धाकट्याला उचलून निघाली. थोरल्याने खांदा द्यायला हात पुढे केला, तर पुढचा माणूस जवळ सरकला आणि जागा भरून गेली.

सुतकाचे दिवस सरले. थोरला मासळीची पाटी घेऊन काठावर आला. होडीवाला म्हणाला, होडी भरली. होडीत दोनच माणसे होती. थोरला दुसऱ्या होडीकडे गेला. तीही भरली होती. तो काठावर उभा राहिला आणि रिकाम्या फळ्या घेऊन होड्या पलीकडे गेल्या. कोणी त्याला वाईट बोलले नाही. पाण्यावर त्याच्याबरोबर बसायला मात्र गावातले एकही माणूस तयार झाले नाही. भावाची होडी काढली तर तीतही कोणी चढेना, आणि धारेत एकट्याला ती आवरत नसे.

बाजार तुटला. मासळी घरात पडून किडली. पेटी उघडणे त्याने सोडले. पात्यांना गंज चढू लागला.

एके दिवशी तो बापाचा चाकू घेऊन भावजयीच्या दारात गेला. ती जाळे विणत बसली होती. पोर तिला टेकून बसली होती. थोरल्याने चाकू पुढे केला. हा तुमच्या घरचा आहे, तुमच्याकडेच असावा, असे काहीसे तो म्हणाला.

तिने चाकूकडे पाहिले नाही. "मी कुठं मागितला होता, भाऊजी? ज्यानं मागितला, त्याला द्या."

थोरला तिथून निघाला तो डोहावर गेला. भर दुपार होती. काठावर चिटपाखरू नव्हते. त्याने चाकू धरलेला हात पाण्यावर लांब केला. भाऊ ज्या हाताने कड धरून होता, तो हात त्याच्या डोळ्यांपुढे आला.

आणि तेव्हाही मूठ लगेच उघडली नाही. चिरलेली बाभळीची मूठ तळहातात अशी बसली होती, की जणू तिथलीच. बोटे एकेक करून सोडवावी लागली.

चाकू पाण्यात पडला. लहानसा आवाज झाला, एक वर्तुळ उठले, विरले. डोह होता तसा झाला. खालून कोणी हात वर केला नाही.

थोरला संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होता. त्याला घरी बोलवायला कोणी आले नाही. त्यानंतर तो पुष्कळ वर्षे जगला. गाव त्याला जेवूखाऊ घाली, कारण ते गाव वाईट नव्हते. पण नदीच्या पलीकडचा काठ त्याने पुन्हा पाहिला नाही.

बोध एवढाच: वेळेला जे हातून सुटले नाही, ते मागाहून सोडून काही हाती येत नाही.