निमगिरे सरांची तीस मशीनं

एका गावात एक भोळे सर होते. भोळे हे तोंडावर म्हणायचं. पाठीमागे वेगळा शब्द होता. नाव निमगिरे. गावच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे प्रमुख. का? तर नोकरीला एकोणतीस वर्षं झाली होती, म्हणून.

सरांचा बाणा एकच: आयतं घ्यायचं नाही. म्हणून त्यांनी लॅबमध्ये असलं लिनक्स घातलं होतं, की एकही प्रोग्रॅम तयार यायचा नाही. मूळ कोड आणायचा आणि मशिनवर कंपाइल करत, म्हणजे त्यातून चालता प्रोग्रॅम बांधत बसायचं. तास न् तास.

यंदा पहिल्यांदाच कॉलेजला प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र मिळालं. सोमवारी दहाला परीक्षा. लॅबचा घोळ झाला तर केंद्र तालुक्याला जाणार, आणि निम्म्या मुलींना घरचे तालुक्याला सोडणार नव्हते. लॅब असिस्टंट शलाका पाटोळेला हे पक्कं ठाऊक होतं. तीही त्या मुलींसारखीच, घरच्यांशी भांडून शिकली होती.

गुरुवारी ती आली, तर तीसही मशीनं घरघरत होती. प्रत्येक मशीन तोच प्रोग्रॅम कंपाइल करत होतं.

"सर, हे काय?"

"स्वावलंबन! ज्याचं त्याने करावं."

"अहो, तीस घरांनी तीस विहिरी खणायच्या का? एकदाच बांधा, त्याचं पॅकेज करा आणि तेच सगळ्यांना वाटा."

"असं होय! आधी नाही का सांगायचं?"

शुक्रवारी सरांनी एकदाच बांधलं. स्वतःच्या केबिनमधल्या कोऱ्या मशिनवर, त्याच्याच नव्या प्रोसेसरला बेतून. मग वाटलं. वीस जुनी मशीनं आडवी झाली.

"सर, नव्याच्या मापाचं जुन्याला कसं चालेल? सगळ्यात कच्च्याला झेपेल असं बांधा, म्हणजे सगळ्यांना झेपतं."

"असं होय! आधी नाही का सांगायचं?"

शनिवारी तसं बांधलं. पॅकेजं निघाली. तेवढ्यात पाच वाजले. भिंतीवर पाटी होती : 'पाच वाजता मेन स्विच बंद करावा.' सरांनी केला. नऊ मशिनांवर पॅकेजं अर्धीच पोचली.

शलाकाने कपाळाला हात लावला. "पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे, सर! मूळ आणि प्रत हुबेहूब आहे का, ते जुळवून बघायचं."

"असं होय!" सर म्हणाले. "आजकालच्या मुली फार चिडतात बुवा."

रविवारी तिने सगळं एकटीने केलं. सर खुर्चीत बसून "घाई नको" म्हणत होते. तेवढं मात्र त्यांना बिनचूक जमलं.

सोमवारी दहाला तीस मुलं बसली. तीसही मशीनं सुरू. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खूश. "छान ठेवलीय हो लॅब," त्या सरांना म्हणाल्या. सरांनी मान तुकवली.

वेळ संपायला दहा मिनिटं होती. बाईंना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. शलाका प्रिंटरचे कागद आणायला ऑफिसात गेली. लॅबमध्ये देखरेखीला सर एकटे उरले.

त्यांनी चौफेर नजर फिरवली आणि ते चरकले. तीस मुलं तोच एक प्रश्न तीस वेळा सोडवत बसली होती!

"हात वर!" सर ओरडले आणि आपल्या मशिनपाशी जाऊन बसले.

शलाका परतली, तेव्हा मुलांचे हात वरच होते आणि काही मुली रडत होत्या. प्रिंटर सुरू झाला. परत आलेल्या बाईंनी पहिला कागद उचलला. वर नाव : लहू ढगे. खाली अडीच ओळी, त्यातल्या दोन चुकलेल्या. दुसऱ्या कागदावर लहू ढगे. तिसऱ्यावर लहू ढगे. तीसही कागदांवर लहू ढगे.

"केंद्र रद्द," बाई म्हणाल्या. "पण हा लहू ढगे आहे तरी कोण?"

"वर्गातला सगळ्यात कच्चा!" सरांनी छाती फुगवली. "त्याला झेपलं म्हणजे सगळ्यांना झेपणारच. एकदाच लिहिलं, सगळ्यांना वाटलं. आणि बाई, हुबेहूब आहे हो. तीसच्या तीस मी स्वतः जुळवून पाहिलेत!"