तोंडभर पाणी

त्या तळ्याचे पाणी चांगले आहे की वाईट, हे तळ्यात कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. पूर्वेच्या अर्ध्या भागात ते इतके नितळ झाले होते की तळाचा खडा न् खडा दिसे, पण त्या खड्यांना चिकटून राहणाऱ्या गोगलगायी आता दिसत नव्हत्या. पश्चिमेला पाण्यावर हिरवा थर चढला होता आणि त्याखाली काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. सकाळी मासे वर येऊन तोंडे उघडी टाकून तरंगत. कोणी म्हणे, ते ऊन खातात. कोणी म्हणे, त्यांना खाली श्वास पुरत नाही. मासे स्वतः काहीच म्हणत नसत, कारण त्यांची तोंडे त्या कामात गुंतलेली असत.

अशात एका बेडकीची अंडी घालायची वेळ जवळ आली. मागच्या खेपेची तिची अंडी पांढरी पडून विरून गेली होती. एकही पोर शेपूट हलवायला बाहेर आले नव्हते. दोष पाण्यात होता की आपल्यात, हे तिला कळले नव्हते. माळापलीकडे दुसरे पाणी आहे असे तिने ऐकले होते. पण मधला माळ कोरडा होता, आणि पोट आणखी जड झाल्यावर तो ओलांडता आला नसता. जायचे तर आता जायला हवे होते. राहायचे तर इथले पाणी पोरांना चालेल की नाही, एवढे समजायला हवे होते.

तिने आधी टिबुकलीला विचारले. हा पक्षी दिवसभर बुड्या मारी, त्यामुळे त्याला पाणी आतून माहीत होते.

"टिबुकलीताई, पाणी कसं आहे?"

"ओलं आहे," टिबुकली म्हणाली. "अगं, मला काय विचारतेस? तुझी पोरं झालेली मला हवीच आहेत. बघायला सगळ्यांत आधी मीच येणार."

"ते ठाऊक आहे मला. म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही लक्ष ठेवून असता."

"मागच्या वेळी एकही मिळालं नाही," टिबुकली म्हणाली आणि बुडी मारून पार दुसऱ्या काठाला निघाली.

मग बेडकी मांगूर माशाकडे गेली. तो काठाजवळ डोके वर काढून बसला होता.

"पाणी ना? उत्तम आहे," मांगूर म्हणाला.

"मग मांगूरदादा, तुम्ही डोकं बाहेर का काढलंय?"

"तुझ्याशी बोलायला. पाण्याखाली बोललो असतो तर तुला ऐकू आलं असतं का?"

हे बेडकीला पटले. पण ती येण्याआधीपासूनच त्याचे डोके बाहेर होते, हे तिला परत फिरताना आठवले. तेव्हा तो कोणाशी बोलत होता, हे काही तिला सुचेना.

शेवटी तिने परीक्षा मागितली. पोटुशी असलेल्या कोणालाही तळ्याकडे परीक्षा मागायचा हक्क होता. परीक्षा घेण्याचा मान कासवाच्या घराण्याकडे होता. कासवाने तिला पद्धत समजावून सांगितली. "सगळ्यांनी तोंडभर पाणी घ्यायचं आणि निकाल होईपर्यंत धरून ठेवायचं. सगळ्यांनी धरलं तर पाणी चांगलं. एकानेही थुंकलं तर पाणी वाईट. ज्याला धरवत नाही त्याने खुशाल थुंकावं. कोणी काही म्हणणार नाही."

यात खोटे काही नव्हते. पूर्वी एका परीक्षेत पाणकोंबडी थुंकली होती. तिला खरोखरच कोणी काही म्हणाले नाही. पुढे कोणी तिच्याशी बोललेही नाही. तिच्या घरट्याच्या लव्हाळ्यात दुसरे कोणीतरी राहायला आले, आणि त्या खेपेचा निकाल, तिला खोकला झाला होता असे ठरवून, चांगलाच लावला गेला.

ऊन तापायच्या आत सगळे बांधाजवळच्या सपाट दगडावर जमले. टिबुकली आली, मांगूर सरपटत आला, खेकडा आला. कासवाने मान लांब केली आणि पहिला घोट तोंडात घेतला. पाठोपाठ सर्वांनी घेतला. अर्जदार म्हणून बेडकीलाही घ्यावा लागला.

आधी तिला काहीच वाटले नाही. मग जिभेला मुंग्या आल्या. मग गालाच्या आतून बारीक जळजळ सुरू झाली. हे पाण्यामुळे होतेय की भीतीमुळे, ते तिला ठरवता येईना. तिने इतरांकडे पाहिले. टिबुकलीचे डोळे शांत होते. खेकडा नांग्या पोटाशी घेऊन देवळात बसल्यासारखा बसला होता. मांगुराच्या मिशासुद्धा हलत नव्हत्या. पाणी वाईट असते तर इतक्या जणांपैकी एकाच्या तरी तोंडावर ते दिसले असते. म्हणजे आपल्याच जिभेत काहीतरी बिघाड असणार, आणि कदाचित मागच्या खेपेची अंडीही त्यामुळेच गेली असणार, असे तिला वाटू लागले. ती थुंकली असती, तर बाकी सगळ्यांचे तोंड खोटे ठरले असते. एवढे मोठे काही करायची तिला सवय नव्हती. तिने तोंड घट्ट मिटून धरले.

कासवाने सर्वांच्या फुगलेल्या गालांवरून एकदा नजर फिरवली आणि मान खाली घातली. पाणी चांगले ठरले. खेकड्याने तिला लव्हाळ्याजवळची उथळ जागा नांगीने दाखवली. ती जागा आता तिच्या पोरांची होती.

निकालानंतर तोंडातल्या पाण्याचे काय करायचे, हे पद्धतीत सांगितलेले नव्हते. सगळे ते गिळत असतील असे बेडकीने धरले होते. तिने गिळायचा प्रयत्न केला, पण घसा उघडेना. तळ्यात सोडावे, तर सगळ्यांसमोर थुंकल्यासारखे झाले असते. तिने मागे पाहिले तर दगड रिकामा झाला होता. पाण्यावर मात्र एकही वलय उठले नव्हते. ओले माग बांधावर चढत गेले होते. मांगुराचासुद्धा सरपटत गेल्याचा माग तिथे होता. ती त्या मागावरून वर चढली आणि पलीकडे उतरली.

बांधामागे सगळे एका उघड्या तुकड्याभोवती उभे होते. आजूबाजूला कमरेएवढे गवत होते, पण त्या तुकड्यावर काडीसुद्धा नव्हती आणि माती पांढरट झाली होती. एकमेकांकडे न पाहता एकेक जण पुढे होत होता, थुंकत होता आणि बाजूला सरकत होता. शेवटी कासव पुढे झाले. ते बराच वेळ थुंकत राहिले, मग त्याने तोंड मातीवर घासून पुसले आणि मान वळवली. त्याला बेडकी दिसली. ते दचकले नाही.

"इथे नको, जरा पुढे जाऊन थुंक," ते म्हणाले. "इथली माती आता पाणी पीत नाही. आणि पोरांना पाय फुटले की त्यांनाही ही जागा दाखवून ठेव."

पुढच्या कडेला खेकडा आडवा सरकला. टिबुकलीने पंख आवरून घेतले. त्या दोघांच्या मधे एका बेडकीपुरती जागा झाली.