कडू वेलीची साल

त्या रानात ऊन जमिनीपर्यंत पोचत नसे, आणि त्या वर्षी ज्या जनावराला कापरं भरे ते सहसा पुन्हा उठत नसे.

कातळी नावाची साळिंदरीण तेवढी औषधाच्या शोधात झाडामागून झाड कुरतडत हिंडत होती. तिला कुठे बसवतच नव्हतं. प्रत्येक साल ती आधी स्वतः चाखे. कधी जीभ बधिर होई, कधी पोट ढवळून निघे. तिलाही कापरं भरलं तेव्हा एका करड्या, कडूजहर वेलीच्या सालीने ते थांबलं. पण हे सालीने झालं की नशिबाने? तिचा स्वतःवर विश्वास बसेना.

खात्री करायला तिने आजाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला वेलीची साल दिली, दुसऱ्याला साधी उंबराची. कोणाला काय मिळालं ते कोणालाच सांगितलं नाही. गट पाडताना तिने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा धाकटी बहीण सोनकी उंबराच्या बाजूला होती.

"ताई, ही कडू लागत नाही गं," सोनकी म्हणाली. "औषध कडू असतं ना?"

"चघळ तू," कातळी म्हणाली आणि तोंड फिरवून निघाली.

त्यानंतर ती वेलीची साल तोंडात धरून बहिणीच्या बिळापर्यंत येई, दाराशी घुटमळे आणि परत फिरे. आता अदलाबदल केली तर गुण सालीचा की नशिबाचा, हे कोणालाच कळणार नव्हतं, तिलाही नाही.

वेलीची साल चघळणारे उठून बसले. उंबरवाल्यांतले बरेच गेले. सोनकी अजून धुगधुगत होती. जवळची साल संपली होती, म्हणून कातळी वेलीकडे धावत सुटली.

वेल बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सोललेली होती. पाखरांनी बातमी आधीच रानभर नेली होती. बिळांच्या वरच्या पठारावर सगळे जमले होते. हरणं, वानरं, डुकरं, राजा बिबळ्यासुद्धा. कापरं एकालाही नव्हतं. प्रत्येकाच्या गळ्यात सालीची एकेक पट्टी होती.

"एक तुकडा द्या," कातळी म्हणाली. "बहीण चाललीय माझी."

"दिला असता गं बाई," रानडुकरीण म्हणाली, "पण उद्या मलाच भरलं तर?"

कातळी एकेकापुढे जाऊन उभी राहिली. तेवढ्यात खालच्या बिळातून खडखड ऐकू आली. सोनकीचे काटे एकमेकांवर आपटत होते. सगळं पठार कान टवकारून ऐकत राहिलं, आणि एकेक करून प्रत्येकाने हनुवटी खाली घेत आपली पट्टी झाकली.