तांबटाची लेक आणि माणसांची होडी

फार जुनी गोष्ट. तेव्हा डोंगर आजच्याएवढेच उंच होते, माणसं मात्र म्हणे थोडं कमी बोलत.

एका राज्यात एक नाट्यशाळा होती. तिची रीत जगावेगळी. तिथे नाटक कुणी लिहीत नसे आणि प्रयोगात कुणी चकार शब्द काढत नसे. सगळे मिळून अंगानंच नाटक रचत. विहीर हवी? चौघं गोल करून वाकले की झाली विहीर. तालमीचा नियम एकच: सोबत्यानं जे पुढे केलं ते आधी घ्यायचं, मग त्यात आपली भर घालायची.

या शाळेत एका तांबटाची लेक शिकायला आली. काय चपळ पोर ती! कोलांटी मारावी तर तिनंच. सारी तांबट आळी तिच्यावरून जीव ओवाळून टाकी, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र काही केल्या तिला जमेना. डोळे मिटून मागे पडायचं आणि सोबत्यांनी झेलायचं, हा तिथला रोजचा पाठ. ती पडे, पण ऐन वेळी एक पाय हळूच मागे टेकवी. शाळेच्या गुरुबाई त्याला 'चोरपाय' म्हणत.

"अगं, पुन्हा चोरपाय!"

"पण बाई, मी जमिनीवर आपटले तर नाही ना?" ती ठसक्यात विचारी.

"सोबत्यांच्या हातीही लागली नाहीस," गुरुबाई म्हणत.

अशातच राणीसाहेबांचा निरोप आला. 'हत्तींना जागा पुरत नाही. शब्दांवाचून कसलं आलंय नाटक? उत्सवात करून दाखवा. पटलं तर शाळा राहील, नाही तर तिथे हत्ती बांधू.'

सगळ्यांचं धाबं दणाणलं. पुराचं नाटक रचायचं ठरलं. माणसांचीच होडी आणि खांद्यांवर उभा नावाडी. नावाडी कोण होणार हे विचारायलाच नको होतं. पण गुरुबाई तिला म्हणाल्या, "वर चढण्याआधी जरा खाली उभी राहा. आज पडायचं नाही, झेलायचं."

तिच्या वाट्याला आला शाळेत शिकणारा एक हलवाई. हा गडी जिलब्या तळता तळता स्वतःही चांगला फुगलेला. डोळे मिटून तो बिनघोर मागे पडला. तिचे हात खांद्यातून निखळायचेच बाकी राहिले.

"अहो दादा, मी धरलं नसतं तर? मागे बघायचं तरी!"

"बघायचं कशाला?" हलवाई म्हणाला. "मागं तू होतीस की."

तिला एकदम भरून आलं. आजवर लोकांनी तिला टाळ्या दिल्या होत्या, आपला भार कुणी दिला नव्हता. तिला अभिमान वाटला, आणि असला अभिमान तिला पहिल्यांदाच वाटत होता. तिचा पाय मात्र अजून ऐकत नव्हता.

उत्सवाला सगळं राज्य लोटलं. तांबट आळी तर पहिल्या रांगेत ठाण मांडून बसली. होडी तयार झाली, डुलू लागली, नावाडी वल्हं मारू लागला. आणि भर पुरात हलवायाचा पाय घसरला! होडीला मधोमध भगदाड पडलं. लोक खदाखदा हसले. राणीनं तोंड फिरवलं.

वर उभ्या तांबटाच्या लेकीला सावरून खाली उतरायला एक कोलांटी पुरली असती. टाळ्यांचा कडकडाट झाला असता, पण नाटक तिथंच मोडलं असतं आणि शाळा गेली असती. तिनं हलवायाकडे पाहिलं. सोबत्यानं पुढे केलं होतं ते हेच, मग घ्यायचंही हेच. तिनं डोळे मिटले आणि सगळं अंग मागे सोडून दिलं.

सोबत्यांना क्षणात कळलं. होडी फुटली आणि तिचीच नदी झाली. हातांच्या लाटांनी नावाड्याला झेललं, बुडवलं, पुन्हा वर काढलं. हसू कुठल्या कुठे विरलं. एक कोळीण ताडकन उठून ओरडली, "धरा रं तिला!" आणि खुद्द राणी आसन सोडून पुढे झाली होती, हात लांब करून.

नाटक संपलं तेव्हा राणीचा हात तसाच होता. ती सेवकांना म्हणाली, "हत्तींसाठी दुसरी जागा बघा." मग तिनं खांद्यावरचा शेला उतरवला. "नावाडी कोण? पुढे ये."

तांबटाची लेक पुढे आली, ती हलवायाला ओढतच. "राणीसाहेब, हे घसरले म्हणून होडी फुटली, आणि होडी फुटली म्हणून तुम्ही उठलात. माझ्या एकटीचं काय आहे यात?"

राणी हसली. तिनं तो शेला गुरुबाईंच्या खांद्यावर घातला.

गुरुबाई आपल्या पोरांकडे पाहत राहिल्या. त्यांची छाती अभिमानानं भरून आली आणि आयुष्यभर शब्द वाचवणाऱ्या त्या बाईनं भर सभेत सांगितलं, "ही सगळी माझी!"

तात्पर्य: जो आपला भार सोबत्यांवर निर्धास्त टाकतो, त्यालाच सगळ्यांना तारून नेता येतं.