भिंगरीचं खरं चित्र

एका राज्यात, जिथे डोंगरांना वाचा होती आणि नद्यांना कान, एक जुनी रीत होती. घरात जनावर आलं, की जनावराचं आणि घरधन्याचं एकाच कागदावर चित्र काढायचं आणि दारावर लावायचं. चित्र शिसाच्या कांडीचं, रंगांचं नाही. आधी जनावर, मग माणूस. जनावरातही सगळ्यात आधी डोळा, आणि डोळ्यातल्या चमकेला शिसं लावायचं नाही, तिथे कागद कोरा सोडायचा. बाकी केस न् केस उतरला पाहिजे. ही चित्रं काढायची वेणू. तिने काढलेलं मांजर दारावर लागलं की उंदीर मागच्या गल्लीने जायचे. त्यात कुणाला नवल वाटत नसे.

राजाचं नाव शूरकेतू. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच्या पायाशी एक कुत्री होती, भिंगरी. त्याने वेणूला बोलावलं आणि म्हणाला, "आधी मला काढ."

"महाराज, रीत उलटी आहे."

"रीत रयतेला. तू काढ."

झालं! मुकुट, मुकुटातले हिरे, मिशीचा पीळ, शेल्याची जर, यातच कागद भरला. कोपऱ्यात वीतभर जागा उरली. तोवर भिंगरी कंटाळून उन्हात जाऊन निजली होती. वेणू म्हणाली, "तिला हाक मारा." राजा म्हणाला, "कुत्र्यासारखं कुत्रं. काढ कसलंही." आणि वेणूने, हो, त्या एवढ्या नावाजलेल्या वेणूने, मान खाली घालून, न बघता, एक कुत्रं काढून दिलं. राजापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते, तिची का वळू नये?

चित्र चौकात लागलं. सगळं गाव लोटलं. "वा! हुबेहूब! अगदी आपली भिंगरी!" जो तो शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता. त्या गर्दीत काळ्या डोंगरावरचा मांत्रिक उभा होता. त्याच्या खांद्यावर साळुंकी होती.

"राजा," तो म्हणाला, "तुझ्या कुत्रीचा कोणता कान फाटका आहे?"

राजा चित्रात कान शोधू लागला. मांत्रिकाने गावाकडे पाहिलं. गाव आपापल्या पायांकडे बघायला लागलं.

"न बघताच हुबेहूब म्हणता? मग बघूच नका!"

त्याने टाळी वाजवली आणि राज्यातली सगळी पाळीव जनावरं दिसेनाशी झाली. मेली नाहीत हं, फक्त दिसेनाशी झाली. रस्त्याने नुसत्या घंटा चालू लागल्या. गोठ्यात कडबा आपोआप संपू लागला. रिकाम्या पिंजऱ्यातून पोपट नावाने हाका मारी आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. गाईचं दूध काढताना धार हवेतून चरवीत पडे. लोक हात लावून बघत, रडत, पुन्हा हात लावून बघत.

"वेणू," मांत्रिक म्हणाला, "न दिसणाऱ्या जनावरांची तीन चित्रं काढ. तिसरं या राजाचं आणि त्याच्या कुत्रीचं. तिन्ही खरी उतरली तर सगळी परत येतील. एक जरी खोटं निघालं तर अमावास्येचा सूर्य मावळताना सगळी वारा होतील. तोवर रोज थोडी थोडी हलकी होत जातील. खरंखोटं माझी साळुंकी सांगेल. आणि शिसाला टोक राजाने काढायचं, दुसऱ्या कुणी नाही."

एवढं बोलून तो धूर झाला, साळुंकी तेवढी वेणूच्या खांद्यावर मागे राहिली. राजा मुकाट्याने चाकू घेऊन वेणूच्या मागे निघाला.

पहिलं घर लागलं धोंडाई कुंभारणीचं. तिचं गाढव नाहीसं झालं होतं, म्हणजे होतं तिथेच, दोरी ताठ दिसत होती. वेणूने विचारलं, "आक्का, गाढव कसं होतं?"

"गाढवासारखं!" धोंडाई खेकसली. मग तिला हुंदका आला. "नाही गं बाई. पाठीवर भट्टीचा चटका बसलाय, तिथे केस येत नाहीत. मी रोज तेल लावते. पाऊस यायचा असला की डावा कान आधीच पाडून उभा राहतो, लबाड! आणि डोळा असा, की जणू माझीच चूक आहे."

वेणूने डोळा काढला, चटका काढला, पाडलेला कान काढला. राजा टोक काढून देत होता, त्याची बोटं काळी झाली. मग वेणूने धोंडाई काढली, तेलाच्या हातासकट. साळुंकी म्हणाली, "खरं." कागदावरचा डोळा मिटला आणि दोरीच्या टोकाला, हवेत, तोच डोळा उघडला. त्याच्याभोवती रेघारेघांनी सबंध गाढव भरत गेलं. धोंडाईने त्याला आधी एक धपाटा घातला आणि मग त्याच्या गळ्यात पडली.

दुसरं घर भैरूबुवांचं. बुवा जन्माचे आंधळे, त्यांची शेळी त्यांना वाट दाखवायची. ते अंगणात हसत बसले होते.

"दिसत नाही? कुणाला दिसत नाही? ही काय इथे बसलीय."

शाप त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता! राजा तोंडात बोट घालून बघत राहिला. बुवा शेळीच्या अंगावर हात फिरवत गेले आणि सांगत गेले: एक शिंग मागे वळलेलं, दाढीत गाठ, कपाळावर भोवरा. "एवढंच आहे, की दोन दिवस झाले, मांडीवर मान ठेवते तेव्हा ओझं लागत नाही. खात नाही का काय?" राजा खाली मान घालून शिसाला टोक काढू लागला. ते चित्रही खरं उतरलं.

उरलं तिसरं. अमावास्या उजाडली, सूर्य कलला. राजवाड्याच्या ओसरीवर वेणूने कागद पसरला. राजाने टोक काढलं, ते मोडलं, आणि पुन्हा काढलं.

"डोळा, महाराज?"

"तो ठाऊक आहे मला," राजा म्हणाला. "दारातून आत आलो की वर बघायचा. मधाच्या रंगाचा. पापणीवर एकच लांब केस."

वेणूने डोळा काढला. "पुढे?"

पुढे राजाला काही येईना. तीन लढाया जिंकलेला माणूस, त्याला कुत्रीची शेपटी सांगता येईना! तेव्हा साळुंकी मान वाकडी करून ऐकू लागली आणि म्हणाली, "भिंगरी बोलतेय. ती म्हणते, ह्याचं मी सांगते. ह्याच्या डाव्या गुडघ्याखाली व्रण आहे, आंब्यावरून पडला होता. दरबारात थाप मारतो तेव्हा पायाचा अंगठा हलतो. आई गेली तेव्हा चारचौघांत रडला नाही, माझ्या मानेत तोंड खुपसून रडला. रानडुक्कर आलं तेव्हा मी पुढे गेले आणि हा पळाला. बरं केलं पळाला ते."

राजाने मुकुट काढून बाजूला ठेवला. हात पुढे केला. हवेत त्याला डोकं लागलं, पिसासारखं हलकं.

"उजवा कान," तो म्हणाला. "उजवा फाटलाय. खालून दोन पाकळ्या झाल्यात. गळ्याशी केस उलटे आहेत. बरगड्या लागतात हाताला. शेपटीचं टोक वाकडं."

वेणूचा हात धावत होता. आता तोंड तेवढं उरलं. सूर्य डोंगराला टेकला होता.

"तोंडाचा रंग?"

"काळा. कुळकुळीत काळा. पहिल्या दिवसापासून."

वेणूने शिसं टेकवायला आणलं आणि थांबली. साळुंकी डोळे मिटून बसली होती. "महाराज, पुन्हा हात फिरवा. आठवणीतलं नको, हाताखालचं सांगा."

राजाने नाकावरून बोट फिरवलं. केस राठ लागले. पूर्वी तिथे मखमल होती. त्याच्या स्वतःच्या आजोबांच्या दाढीला हात लावल्यासारखं लागलं त्याला, आणि तो एकदम खाली बसला.

"वेणू, पांढरं झालंय गं ते. काढू नकोस. कोरं सोड."

वेणूने ते सगळं तोंड कोरं सोडलं. मग घाईघाईने राजा काढला, मुकुटाशिवाय, जमिनीवर बसलेला, बोटं काळी.

"खरं!" साळुंकी ओरडली. "खरं, खरं, खरं!"

आणि मग काय झालं म्हणता! सगळ्या राज्यात, गोठ्यांत, माळ्यांवर, चुलींपाशी, हवेत हजारो डोळे एकदम उघडले. पिवळे, हिरवे, तपकिरी, प्रत्येकात एक कोरा ठिपका चमकत होता. मग रेघ आली, केस आले, शिंगं आली, पिसं आली. बाया हातातलं काम टाकून धावल्या. म्हातारे रस्त्यात उभे राहून रडले. वेणू ओसरीवरून बघत होती. जन्मभर जे ती कागदावर करत आली, ते आज सगळं आभाळ करत होतं.

राजा कुठे बघत नव्हता. त्याच्यासमोर एक थकलेली, पांढऱ्या तोंडाची कुत्री उभी होती.

"म्हातारी झालीस गं," तो म्हणाला. "आणि मला कळलंच नाही."

भिंगरीने काळी बोटं चाटली, एक गिरकी घेतली आणि त्याच्या पायावर मान टाकून झोपली. त्या मानेला आता चांगलं ओझं होतं.

थोड्या वेळाने प्रधान आला. "महाराज, लोक दरबारात जमलेत. आपली वाट बघतायत."

राजाने ओठांवर बोट ठेवलं. "बघू देत," तो हळूच म्हणाला. "पाय हलवला तर ही जागी होईल."

त्या राज्यातल्या मुक्या जिवांना जशी बघणारी माणसं भेटली, तशी सगळीकडच्या मुक्या जिवांना भेटोत.