मानाची जागा

अनसूयेचं लग्न घरच्या हातांनी उभं राहिलं होतं. अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, मुंडावळ्या तिनंच ओवलेल्या, पत्रावळी आळीतल्या बायकांनी लावलेल्या, तूपही आत्यानं घरीच कढवलेलं. भाड्यानं म्हणून काही आणलं नव्हतं, त्यामुळं मांडवात एकही खुर्ची नव्हती.

आणि नवऱ्या मुलाच्या काकांना, भाऊसाहेबांना, नेमकी तीच हवी होती. अक्षता पडल्या, पंगत बसली, वरणभात वाढून झाला, आणि ते काठी आपटून कडाडले, "मी ओळीत जमिनीवर बसणार नाही! मला सगळ्यांपेक्षा उंच जागा पाहिजे. नसेल तर हा मी निघालो."

ते निघाले तर अर्धं वऱ्हाड भरल्या पानावरून उठणार. अनसूयेच्या वडिलांनी हात जोडले. तेवढ्यात मुंडावळ्या सावरत अनसूयाच पुढं आली. हातात तुपाचं भांडं होतं.

"काका, तुमची जागा राखून ठेवलीय," ती म्हणाली. "पंगतीत सगळे खाली बसतात. उंच असतो तो तूप वाढणारा. त्यानं वाढल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, नवरदेवसुद्धा. एवढा मान दुसऱ्या कुणाला द्यायचा?"

भाऊसाहेबांनी पाहिलं. सगळ्या पंगतीच्या माना त्यांच्याकडं वर वळल्या होत्या. त्यांनी उपरणं कमरेला खोचलं आणि भांडं घेतलं.

शेवटची पंगत बसली तेव्हा नवरदेव म्हणाला, "काका, आता तरी जेवायला बसा."

भाऊसाहेबांनी भांडं छातीशी धरलं. "सगळे माझ्यासाठी थांबलेत, दिसत नाही? तू बस खाली!"