धाकूच्या पंच्याच्या गाठी

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात धाकू नावाचा एक भोळा गडी होता. मिशा होत्या, अंगात ताकद होती आणि सांगितलेलं सगळं तो ऐकायचा. तीच तर पंचाईत होती.

शहर तिथून जवळच. शहरात बघायला काय, तर कावळे आणि बंदरातल्या क्रेन. म्हणून सुट्टीला माणसं गावाकडे यायची. खाडीत लांबून आलेली पाखरं, कांदळवनाच्या चिखलात लाल खेकडे, सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं, वाळूत कासवाची अंडी. धाकूचे रावजीकाका होडीतून हे सगळं दाखवायचे. त्यावरच घर चालायचं.

यंदा नवा नियम आला. पाहुणे फिरवायची परवानगी एकाच होडीला. काकांच्या, नाहीतर पलीकडच्या वाडीतल्या गणपत तांडेलच्या. वनखात्याचे साहेब स्वतः येऊन ठरवणार होते. आणि नेमकी तेव्हाच काकांची कंबर धरली.

"धाकू, आता होडी तू चालव," काका खाटेवरून म्हणाले. "परवानगी गेली तर होडी विकायला लागेल रे. नीट ऐक. पाखरं दिसली की तोंडातून शब्द काढायचा नाही."

"बरं काका. नाही चुकणार." विसरू नये म्हणून धाकूनं पंच्याला गाठ मारली.

त्या दिवशी एका पाहुण्यानं हौसेनं वल्ही हातात घेतली. होडी थेट खडकाकडे निघाली. खडकावर दोन बगळे बसले होते. धाकू गप्प. होडी खडकावर आपटली, पाहुणे पाण्यात पडले. धाकू तरीही गप्प.

"मेल्या, ओरडायचं नाही? समोर काही दिसलं की बोंब ठोकायची!"

"बरं काका. नाही चुकणार." दुसरी गाठ.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गरुडाच्या घरट्याखाली श्वास रोखून उभे होते. गरुडानं हळूच मान वर काढली.

"दिसला रे दिसलाऽऽऽ!" धाकूनं बोंब ठोकली. गरुड उडाला तो दिवसभर परत आला नाही. पाहुणेही आले नाहीत.

"अरे मेल्या, लांब उभं राहायचं. हलायचं नाही. दुर्बिणीतून गुपचूप बघायचं."

"बरं काका. नाही चुकणार." आणखी एक गाठ.

मग एक बाई आल्या, नवऱ्याला घेऊन. खेकडे बघता बघता त्या चिखलात कमरेपर्यंत रुतल्या आणि "वाचवा, वाचवा" करू लागल्या. नवरा धावणार, तोच धाकूनं त्याचा हात धरला, दुर्बीण पुढे केली आणि कानात म्हणाला, "हलू नका. इथून छान दिसतायत."

काकांनी कपाळावर हात मारला. "रुतलेलं दिसलं की ओढून बाहेर काढायचं, धुवायचं आणि घरी आणायचं! कळलं?"

"बरं काका. नाही चुकणार."

पहाटे वाळूतून कासवाच्या पिल्लांनी डोकी वर काढली. धाकूनं एकेक ओढून काढलं, विहिरीवर धुतलं आणि घरी आणलं. काकूनं पिठाचा डबा उघडला तर आत पिल्लू. काकू बिचारी सगळी पिल्लं गोळा करून किनाऱ्यावर पोचवून आली.

"धाकू, बाबा, शेवटचं सांगतो," काका हात जोडून म्हणाले. "कासवांच्या अंड्यांवर टोपली घालायची. पिल्लं निघाली की टोपली उचलायची. वाळूवर सरपटणाऱ्याला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही. वाट मोकळी करायची. ती आपली आपण समुद्रात जातात. आणि मोठी झाली की अंडी घालायला ह्याच किनाऱ्यावर परत येतात."

"बरं काका. नाही चुकणार." आता पंच्यात गाठीच जास्त होत्या.

आणि साहेब आले. बुटके, गोल, डोक्यावर टक्कल, पाठीवर फुगलेली हिरवी पिशवी. पिल्लाचा फोटो काढायला ते वाळूवर पालथे पडले. एक लाट आली आणि त्यांचा चष्मा घेऊन गेली.

"चष्मा! अरे, मला काही दिसत नाही!" असं म्हणत साहेब चष्मा चाचपत, सरपटत समुद्राकडे निघाले.

साहेबांबरोबर आलेला शिपाई धावला. धाकूनं त्याला मिठी मारून अडवलं. "हात लावायचा नाही!"

"अरे, ते साहेब आहेत!"

"असू देत. त्यांचं त्यांना जाऊ दे."

धाकूनं सगळ्यांना मागं सारलं. मधे स्वच्छ वाट झाली.

"उचला मला!" साहेब ओरडले.

"जमेल साहेब, जमेल. थोडंच राहिलं."

मोठी लाट आली. साहेब तिच्याबरोबर गेले. धाकूनं टाळ्या वाजवल्या.

नशीब, गणपत तांडेल तिथूनच होडी नेत होता. त्यानं साहेबांना कॉलरला धरून आत ओढलं आणि पलीकडच्या वाडीला नेलं. परवानगी कुणाला दिली, ते साहेबांनी होडीतूनच सांगितलं. सगळ्या किनाऱ्याला ऐकू आलं.

काका कंबर धरत आले आणि वाळूत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेलं रे सगळं, धाकू. साहेब आता कशाला परत येतायत इथं?"

धाकूला फार वाईट वाटलं. त्यानं पंच्याच्या गाठी चाचपल्या. शेवटची गाठ हाताला लागली आणि त्याचा चेहरा खुलला.

"येतील काका! मोठे झाले की ह्याच किनाऱ्यावर येतील, अंडी घालायला. फक्त टोपली जरा मोठी लागेल."